भराव

ओसाकात सुट्टी मिळाली एकच, रविवारची.
निशिमोतोसान म्हणाले, किल्ला बघू.
वरचा पांढरा, छपरावर सोनेरी मासे मिरवणारा
बघून झाला, तेव्हा म्हणाले,
आता खालचा.

लोखंडी जिना होता,
शिरोलीच्या आमच्या शेडमध्ये क्रेनवर चढायचा असतो तसा,
फक्त उलटा.
उतरत गेलो तसा गारवा वाढला,
कानांत काहीतरी गच्च बसलं,
आणि पिवळ्या दिव्याखाली
ती भिंत.

जिंकलेल्यानं हरलेल्याचा किल्ला नुसता पाडला नाही,
त्याच्यावर माती घातली, चार पुरुष उंच,
आणि त्या मातीवर स्वतःचा रचला.
खालचे दगड न घडवलेले, नदीतून उचलून आणल्यासारखे,
एकाच्या बगलेत दुसरा,
फटींत बारीक चिपा दाबलेल्या.
काहींच्या अंगावर तांबूस डाग,
जळालेल्या दुधाच्या पातेल्याला असतो तसा.

मी पॅटर्नमेकर.
सागवानात कोरायचं, ते वाळूत पुरायचं,
ते काढून घेतल्यावर वाळूत जी पोकळी राहते
तिच्यात लोखंड ओतायचं,
आणि सकाळी वाळू फोडून बघायचं काय निघालं.
हात आपोआप पुढे गेला.
निशिमोतोसाननी मनगट धरलं, हळूच.
दामे.
तेवढा शब्द मला येत होता.

गावी आल्यावर पाटगोंडाकाकाला फोटो दाखवले.
चाळीस वर्षं मोल्डिंग केलेला माणूस,
नखांत अजून काळी वाळू.
भिंतीकडे त्यानं बघितलंच नाही.
तिच्या कडेला कापलेल्या मातीचा थर दिसत होता,
तिथं बोट ठेवलं.
"भर कसली हाय रं? चिकण, का रेती?"
मला माहीत नव्हतं.
"आन् टाकली कुणी?"
तेही नाही.
"एवढी माती राजा काय सोता पाटीनं वाहतोय व्हय?"

मग एम-एटीवर मागं बसवून
ब्रह्मपुरीला घेऊन गेला.
पंचगंगेकाठचा हा उंचवटा,
शंभर वेळा शेजारून गेलेलो.
त्याचा बाप पोरसवदा असताना
इथल्या खोदाईवर होता, दोन आणे रोज.
खाली गाव निघालं, विटांची घरं,
एका घरात ओतीव भांडी,
आणि समुद्रापलीकडचा कुठला तरी वीतभर देव,
आता टाऊन हॉलात काचेमागं असतो.
"आपल्याच धंद्याचा माल," काका म्हणाला,
जणू ऑर्डर कालच गेली.
मग मोजमापं झाली, नकाशे झाले,
आणि खड्डे बुजवले.
बुजवायलाही त्याचाच बाप.
"बुजवायचं बी दोन आणेच."

बघायला काही नव्हतं.
घरं, उतारावर उभी एक रिक्षा, वाळत घातलेल्या चादरी,
गटाराच्या कडेनं पळणारी कोंबडी.
इथं मनगट धरायला कुणी नव्हतं
आणि हात लावायचा तरी कशाला.

एका दारात निळं बॅरल होतं पाण्याचं,
झाकणावर वीट.
रुंद, चपटी, आजच्या विटेच्या दीडपट.
धुणं पिळणारी बाई म्हणाली,
संडासाचा खड्डा घेताना निघाली,
फुटंना म्हणून ठेवली.
काकानं ती उचलली,
तळहातावर तोलली,
अंगठ्याच्या नखानं कड खरवडली,
कानाजवळ धरून टिचकी मारली.
मी वाट बघत होतो काहीतरी म्हणेल.
"भाजलीया बरोबर."
एवढंच.
आणि परत ठेवली.

उलटी ठेवली होती.
वाऱ्यानं झाकण खडखडायला लागलं.
बाईनं ओल्या हातानं येऊन
वीट पालथी केली, जराशी सरकवली,
आणि आम्हांला विचारलं,
कुणाकडं आलाय?